वाजवणारे किती

सेलूला स्टेशनरोडवर माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, तेव्हा
एक टेपरेकॉर्डर दुरुस्तीला आला, न्यायला कुणी आलंच नाही.
आत कॅसेट. वरची शाई उडालेली,
एवढंच वाचता यायचं : गिटार, स्पेन.

पहिल्यांदा लावली तेव्हा तांब्याची तार गुंडाळत होतो,
बावीस गेजची, ओठांत वेढे मोजत,
आणि वेढा चुकला.
बारा वर्षांत तेवढाच.

मग संध्याकाळी माणसं बसायला लागली,
जळक्या मोटारींवर पोतं टाकून.
सटवाजी हलगीवाला म्हणायचा,
तारा छेडता छेडता लाकडावर बोट मारतंय बेणं, ऐका,
आणि गुडघ्यावर मोजायचा : तीन, सहा, मग आठ, दहा, बारा.
"अर्ध्या जिन्यात पायऱ्या आखूड केल्यात गड्यानं.
ठेच आपल्याला लागती, त्याला न्हाई."

पाथ्रीकर मास्तर कन्याशाळेत पेटी शिकवायचे.
डोळे मिटून म्हणायचे, भैरवी.
मग डोळे उघडायचे. शुद्ध गंधार आलेला असायचा.
पुन्हा मिटायचे, पुन्हा उघडायचे.
शेवटी म्हणाले, नावाचं राहू द्या, ऐकू द्या.

वाद एकच : वाजवणारे किती?
मी तीन म्हणायचो, मास्तर दोन.
सटवाजी चारावर अडलेला,
वर एक जण नुसता टाळ्या द्यायला.
मौलासाब पिंजारी कोपऱ्यात, भुवयांत कापूस, बोलायचाच नाही.
त्याची कमान दाराशी टेकवलेली.
खर्जातला सूर लागला की तिची तात आपोआप घुमायची.
पहिल्या वेळी आम्ही दचकलो. तो नाही.

एके दिवशी म्हणाला, एकच आदमी है.
आम्ही हसलो.
"हसू नको. पींजते वखत मेरेकू बी चार हात होतेत.
मगर सास? सास एकच. सुनो."

कान टेपला लावला.
होता खरा. प्रत्येक झपाट्याआधी नाकातून एक श्वास,
विहिरीच्या काठावरून उडी टाकणारं पोरगं घेतं तसा.
तरी मी मानलं नाही. पैज लागली,
दोन पेशल चहा.

त्याच रात्री लाईट गेली.
सूर जाड झाला, लोळागोळा झाला, थांबला.
कुणी उठलं नाही. डास चावत होते.
अंधारात सटवाजीचं चालूच : आठ, दहा,
आणि बाराचा हात त्यानं वरच धरून ठेवला.
लाईट कधी आली आठवत नाही.
हात खाली आलेला आठवतो, बरोब्बर.

कॅसेट पुढं झिजली. मास्तर गेले, मौलासाब गेला.
परवा नातीनं मोबाईलवर दाखवलं,
आबा, याला फ्लामेंको म्हणतात.
एक खुर्ची. एक गिटार. एक घामेजलेला माणूस.
उजव्या हाताची बोटं करंगळीपासून उघडत गेली,
बोंड फुटावं तशी, पण इतक्या वेगानं
की मी चष्मा पुसला.
कॅसेटीतला हाच का, कोण जाणे.
दुसरं कुणी नव्हतं तिथं, एवढं खरं.

दोन पेशल घेऊन मौलासाबच्या पोराच्या गादीघरात गेलो.
म्हणालो, तुझ्या बापाची उधारी.
त्याला काही कळलं नाही. यंत्राच्या खडखडाटात
एक कप त्यानं माझ्याच हातात परत दिला.
मी मोबाईल लावला.
त्यानं थोडा वेळ पाहिलं, मग यंत्र बंद केलं.

कमान वर खिळ्याला, तात नसलेली.
मी तिच्याकडेच बघत राहिलो, उगाच.

काखेत उशी धरून एक गिऱ्हाईक दारातच थबकलं.
"किती जण हायेत वाजवायला?"

मी काही बोललो नाही.
चहावर साय धरत होती.